गुडघ्याएवढं आकाश

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक थर्माकोलचं खोकं खाली आलं. आत माझा जुना टी-रेक्स ४५०. रिमोटवर उडणारा हेलिकॉप्टर, साधारण दोन फुटांचा. एक ब्लेड अर्धं तुटलेलं, शेपटीची नळी वाकलेली, बॅटरी पापडासारखी फुगलेली. डोक्यावरची ती आडवी काडी, जिला फ्लायबार म्हणतात, ती मात्र सरळच्या सरळ. बायकोने विचारलं, "हे भंगारात देऊ का?" मी म्हटलं, "थांब, यावर एक लेख निघतो." (तिचा चेहरा वर्णन करण्यात अर्थ नाही. असो.)

तर मंडळी, या वीकांताला कोड नाही, अप्रेझल नाही, ट्रॅफिक नाही. या वेळी जमिनीपासून पहिल्या दीड-दोन फुटांचा इतिहास. हसू नका. हेलिकॉप्टरच्या इतिहासातली पहिली वीस-पंचवीस वर्षं बहुतेक त्या एवढ्याच उंचीवर गेली आहेत. आणि माझी २००७ सालची एक अख्खी हिवाळी मोहीमसुद्धा.

आमचं घर सक्करदऱ्याचं. नागपूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी म्हणून: भोसल्यांचा वाडा, तलाव, आणि बुधवार बाजार. तेव्हा आमच्या घरामागे एक मोकळा प्लॉट होता. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला कधीतरी कुणीतरी बांधायला घेऊन सोडून दिलेल्या घराचा सिमेंटचा ओटा. नवी नोकरी, नवा पगार आणि शनिवार-रविवार रिकामे, अशा वयात माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे झेपत नाही असा छंद घेतला. सकाळी सहाला वारा पडलेला असायचा. हेलिकॉप्टरच्या पायांना दोन काड्या आडव्या बांधायच्या, काड्यांच्या टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावायचे (म्हणजे कलंडला तरी उलटत नाही), आणि शेपटी स्वतःकडे करून थ्रॉटल हळूहळू वर.

नवशिक्याचं गणित साधं असतं. पडणारच आहे, तर कमी उंचीवरून पडू दे. म्हणून मी तीन आठवडे तो हेलिकॉप्टर वीतभर उंचीवर उडवला. उडवला म्हणजे काय, तो उपड्या ताटावर ठेवलेल्या गोटीसारखा सगळीकडे घरंगळायचा. डावीकडे सावरा, तर उजवीकडे. पुढे सावरा, तर माझ्याच नडगीवर. पण उचलला जायचा अगदी अलगद! थ्रॉटल अर्ध्यालाही जायच्या आत पाय जमिनीवरून सुटायचे. मला वाटायचं, मोटरमध्ये काय ताकद आहे राव.

शेजारी एक काका राहायचे. वायुसेनेतून निवृत्त. चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांच्या देखभालीत त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे असे काका आमच्याकडे बऱ्याच गल्ल्यांमध्ये सापडतात. ते रोज दूध आणायला जाताना थांबायचे, बघायचे, आणि काही न बोलता जायचे. तिसऱ्या आठवड्यात बोलले.

"काय बे, उडवून राहिलास का सरकवून राहिलास?"

"काका, होव्हर शिकतोय. आधी खाली पक्कं झालं की मग वर नेईन."

"खाली पक्कं होतच नसते बाप्पा. खाली तं जमीन उचलून धरून राहिली त्याले. तू काय करून राहिला त्याच्यात?"

तेव्हा मला ते टोमणा वाटलं. ते शुद्ध भौतिकशास्त्र होतं.

हेलिकॉप्टरचा पंखा हवा खाली ढकलतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून तो वर राहतो, इथपर्यंत शाळेतलं. आता माझं मॉडेल घ्या. वजन सुमारे ८०० ग्रॅम, पंख्याची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर. गणित केलं तर मोकळ्या हवेत तरंगत राहायला त्या चकतीतून हवा साधारण ३ मीटर दर सेकंदाने खाली जावी लागते. ही खाली जाणारी हवा म्हणजे खर्च आहे. जितकी जोरात ती खाली पळते, तितकी मोटर दमते. पण खाली जमीन जवळ असेल तर ती हवा सरळ खाली पळूच शकत नाही. तिला वळून बाजूला पसरावं लागतं. त्यामुळे चकतीपाशीच तिचा खाली जाण्याचा वेग कमी होतो, पात्यांना हवा जास्त सोयीच्या कोनात मिळते, आणि तेवढंच वजन कमी ताकदीत उचललं जातं. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पुष्कळ लोक सांगतात की खाली हवेची गादी दाबली जाते आणि त्यावर हेलिकॉप्टर बसतो. कल्पना छान आहे, पण हवा एवढ्या वेगाला दाबली वगैरे जात नाही. फक्त तिची वाट अडते.

ही सवलत किती, याचं एक सुटसुटीत सूत्र चीजमन आणि बेनेट या दोघांनी ब्रिटनमध्ये १९५५ साली दिलं. पंखा जमिनीपासून किती वर आहे आणि त्याची त्रिज्या किती, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. पंखा एका त्रिज्येइतका वर असेल, तर तेवढ्याच ताकदीत उचल सुमारे ७ टक्के जास्त मिळते. दोन त्रिज्या वर गेलात, की फायदा दीड टक्क्याच्या आसपास उरतो. म्हणजे संपलाच. माझ्या मॉडेलचा पंखा त्याच्या पायांपासून वीतभर वर. म्हणजे जमिनीवर टेकलेला असताना सूत्र सांगतं सुमारे १८-१९ टक्के जादा उचल, आणि पाय दीड फूट वर गेले की जवळजवळ शून्य. गुडघ्याच्या वर फुकट काही नाही.

आणि ही सवलत सरळ हातात येत नाही, तिच्याबरोबर गोंधळ येतो. बाजूला फेकलेली हवा गवताला, दगडाला, माझ्या बुटांना आपटून परत पंख्यात शिरते. म्हणून ती उपड्या ताटावरची गोटी. नवशिक्याने सुरक्षित म्हणून निवडलेली उंची हीच सगळ्यात खोडकर उंची असते. मॉडेलवाले जुने लोक म्हणूनच सांगतात की हिंमत करून डोक्याएवढं वर जा, तिथे यंत्र शांत होतं. पडलं तर महागात पडतं, ही बाब ते जरा हळू आवाजात सांगतात.

आता इतिहास. काकांच्या एका वाक्याने मी जालावर शोधायला बसलो आणि दोन रात्री झोपलो नाही, कारण पूर्ण आकाराच्या हेलिकॉप्टरांची सुरुवातही सगळी याच वीतभर उंचीवर अडकलेली दिसली.

१९०७ साल. राईट बंधूंच्या विमानाला चार वर्षं झालेली. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्रोफेसर रिशे यांनी चार मोठ्या पंख्यांचं एक अवाढव्य यंत्र केलं. ते माणसाला घेऊन जमिनीवरून साधारण दोन फूट उठलं. पण चार कोपऱ्यांवर चार माणसं काठ्या धरून उभी होती, यंत्र कलंडू नये म्हणून! (माझे टेबल टेनिसचे चेंडू बरे म्हणायचे.) त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला पॉल कोर्नू नावाच्या सायकल आणि इंजिनं बनवणाऱ्या माणसाने फ्रान्समध्येच २४ अश्वशक्तीच्या इंजिनावर आपलं यंत्र उचललं, असं सांगितलं गेलं. उंची फूटभर. कित्येक पुस्तकांत हेच 'हेलिकॉप्टरचं पहिलं मुक्त उड्डाण' म्हणून छापलेलं आहे. अलीकडच्या काळात गॉर्डन लाइशमन या हेलिकॉप्टरांच्या अभ्यासकाने कोर्नूच्या यंत्राचं गणित नव्याने मांडलं आणि म्हटलं की तेवढ्या ताकदीत ते यंत्र माणसासकट उडालं असेल हे पटत नाही. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपद्यांच्या चौपाटीवरच्या विमानावरून जसे वाद होतात, तसाच फ्रान्सचा हा वाद समजा. फरक एवढाच, की तिथे वाद फूटभर उंचीचा आहे.

मग १९२२. अमेरिकेच्या सैन्याने रशियातून आलेल्या जॉर्ज द बोथेझात या गणितज्ञाकडून एक हेलिकॉप्टर करून घेतला. १८ डिसेंबरला डेटनच्या मॅकुक फील्डवर तो १ मिनिट ४२ सेकंद हवेत राहिला. उंची जास्तीत जास्त सहा फूट. पंखे केवढे? एकेक सुमारे २६ फूट व्यासाचा, असे चार. आता वरचं सूत्र आठवा. १३ फुटांची त्रिज्या आणि सहा फुटांची उंची, म्हणजे तो पूर्ण वेळ जमिनीच्या कडेवर बसून होता. पुढे अजून पुष्कळ उड्डाणं झाली, पण सैन्याला हवी होती ती उंची काही गाठता आली नाही, आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

ही माणसं मूर्ख होती का? मुळीच नाही. त्यांच्याकडे यंत्र उठलं याचा पुरावा होता, डोळ्यांसमोर. फक्त तो पुरावा मोकळ्या हवेत चालणार नव्हता. जमिनीचा परिणाम पंख्याच्या गणितात घालायचं काम बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये केलं, नाइट आणि हेफ्नर यांचा अमेरिकेतला प्रबंध १९४१ चा. आधी लोक तीस वर्षं उठत राहिले, मग कळलं की कशामुळे उठत होते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवं नाही. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे वाक्य म्हणजे आमचा ग्राउंड इफेक्ट :-)

पण या गोष्टीतला माझा खरा हिरो वेगळाच आहे. आर्थर यंग. प्रिन्स्टनमधून १९२७ मध्ये गणित घेऊन बाहेर पडलेला श्रीमंत घरचा मुलगा. त्याला खरं तर तत्त्वज्ञान लिहायचं होतं. पण त्याला वाटलं की विश्वाविषयी बोलण्याआधी आपण एखादी खरी अवघड गोष्ट करून दाखवली पाहिजे, नाहीतर आपले विचार कुणी तपासणार कसे? त्याने निवडलेली गोष्ट म्हणजे हेलिकॉप्टर. आणि १९२८ पासून पुढची बारा-तेरा वर्षं त्याने केलं काय, तर मॉडेल उडवली! मोठं यंत्र बांधून त्यात बसायची घाई नाही. पेनसिल्व्हेनियात पाओली इथल्या एका जुन्या कोठारात विजेच्या मोटरवर चालणारी छोटी मॉडेलं, त्यांना तारांनी जोडलेलं नियंत्रण. मोडायची, जोडायची, पुन्हा मोडायची.

मॉडेल वर जायला फारसा त्रास नव्हता. जागेवर राहायला होता. सुटं सोडलेलं मॉडेल आधी थोडं एका बाजूला सरकायचं, मग परत फिरून जास्त सरकायचं, मग त्याहून जास्त, आणि शेवटी आपटायचं. झोका आपोआप वाढत जावा तसं. जमिनीजवळ हाच खेळ आणखी वाईट. यंगने शेवटी पंख्याच्या पात्यांना काटकोनात एक दांडा लावला, दांड्याच्या टोकांना वजनं. फिरणारा दांडा आपली पातळी सोडायला नाखूश असतो, भोवऱ्यासारखा. यंत्र कललं तरी दांडा काही काळ तसाच राहतो आणि तो पात्यांना सांगतो की 'सावकाश'. एवढ्याने मॉडेल जागेवर तरंगू लागलं. हात लावायची गरज नाही.

सप्टेंबर १९४१ मध्ये यंग आपलं मॉडेल घेऊन बफेलोला बेल कंपनीत गेला आणि कारखान्यातच ते उडवून दाखवलं. लढाऊ विमानं बनवणारी कंपनी, आणि समोर हा माणूस खेळणं उडवतोय! पण लॅरी बेलला पटलं. करार झाला. गार्डनव्हिल या गावातल्या एका जुन्या मोटारींच्या दुकानात यंग, त्याचा बालमित्र बार्ट केली आणि थोडी माणसं कामाला लागली. त्यांचं पहिलं पूर्ण आकाराचं यंत्र, मॉडेल ३०, डिसेंबर १९४२ च्या अखेरीस उठलं तेही दोरांनी जमिनीला बांधून. सिकॉर्स्कीनेही १९३९ मध्ये आपलं व्हीएस-३०० तसंच बांधून उठवलं होतं. पुढे १९४४ च्या मे महिन्यात बेलचा दुसरा नमुना बफेलोमधल्या एका कवायतीच्या सभागृहात, छताखाली, लोकांसमोर उडवला. ८ मार्च १९४६ ला बेल ४७ ला नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. जगातला असा पहिला हेलिकॉप्टर तोच. तो पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही छताला टांगला गेला. आणि यंग? त्याने पुढे हेलिकॉप्टर सोडले आणि ठरल्याप्रमाणे तत्त्वज्ञानाकडे गेला.

आता माझ्या खोक्यात परत या. ती सरळच्या सरळ राहिलेली काडी. यंगचा वजनांचा दांडा आणि स्टॅन्ली हिलर या दुसऱ्या अमेरिकन पोराने (१९४४ मध्ये स्वतःचा हेलिकॉप्टर उडवला तेव्हा वय १९) पुढे बसवलेली छोटी पाती, या दोन्हींची खिचडी म्हणजे २००० च्या दशकातल्या जवळपास प्रत्येक रिमोट हेलिकॉप्टरवरचा फ्लायबार. त्या जोडणीला मॉडेलवाले 'बेल-हिलर' असंच म्हणतात. मॉडेलवरून मोठ्या यंत्रावर गेलेली गोष्ट डीटर श्लुटर या जर्मन इंजिनिअरसारख्यांच्या हातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस परत मॉडेलवर आली आणि तिथून चाळीसेक वर्षांनी सक्करदऱ्याच्या प्लॉटवर. पुढे स्वस्त सेन्सर आणि चिप आल्या आणि फ्लायबार गेला, त्याचं काम सॉफ्टवेअर करू लागलं. व्यवसायाने मला आनंद व्हायला हवा. होत नाही.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असेन, असं तुम्हाला वाटेल. पुढचा रविवार. डिसेंबर, हवा थंड. थंडीत नागपूरची हवा मे महिन्यापेक्षा नऊ-दहा टक्के तरी घट्ट असते (१५ अंश आणि ४५ अंश घेऊन गणित करून बघा), त्यामुळे मॉडेल नेहमीपेक्षा खुशीत. मातीत धूळ उडते म्हणून मी त्या सिमेंटच्या ओट्यावरून उडवायला लागलो. ओटा कमरेएवढा उंच. मॉडेल ओट्यावर वीतभर वर, झकास स्थिर. मी थोडं पुढे ढकललं. ओटा संपला.

तुम्ही पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकता आणि ती नसते, तसं. ओट्यावर जमीन एक वीत खाली होती, कडेपलीकडे एकदम साडेतीन फूट खाली. फुकटची चारेक टक्के उचल क्षणात गेली. मॉडेल दचकून खाली बसलं, मी घाबरून थ्रॉटल पूर्ण वर केलं, शेपूट कडेवर आपटली, आणि बाकीचं खोक्यात आहे. ब्लेडचा एक तुकडा बाभळीत जाऊन अडकला होता.

काका दुधाची पिशवी घेऊन उभेच होते. हसले नाहीत. ते म्हणाले की डोंगरातल्या हेलिपॅडवर हेच होते. उंचावर हवा पातळ, यंत्र जमिनीच्या जोरावरच तरंगून राहिलं असते. पॅड म्हणजे कड्याच्या टोकावर टेबलाएवढी जागा. तिथून पुढे गेलं की खाली दरी. म्हणून पायलट वजनाचा हिशेब दोन तक्त्यांवर करतो, एक जमिनीजवळ तरंगण्याचा आणि एक मोकळ्यात तरंगण्याचा, आणि दोन्हींतला फरक त्याला तोंडपाठ पाहिजे. "तू पहिलाच तक्ता वाचून राहिला," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी माझ्याबरोबर स्क्रू वेचले.

दुरुस्ती झाल्यावर मी आणखी एक प्रयोग केला तो आमच्या अंगणात. तीन बाजूंना पुरुषभर भिंत, चौथीकडे घर. वाटलं, वारा लागणार नाही. पण मॉडेल छातीएवढ्या उंचीला गेलं की धापा टाकायला लागायचं आणि थ्रॉटल दिलं तरी खाली बसायचं. भिंतींना आपटून वर चढलेली हवा पुन्हा पंख्यातच पडत होती. मोकळ्या प्लॉटवर जमीन मदत करत होती, अंगणात तीच हवा उलटली. तेव्हा हे माझं अडाणीपण वाटलं होतं. २ मे २०११ च्या रात्री अबोटाबादमध्ये अमेरिकन ब्लॅक हॉक ओसामाच्या आवारावर तरंगायला गेला आणि कोसळल्यासारखा खाली बसला, शेपूट भिंतीवर. नंतर बाहेर आलेल्या माहितीनुसार, अमेरिकेत सरावासाठी त्या आवाराची जी प्रतिकृती केली होती तिला जाळीचं कुंपण होतं. जाळीतून हवा निघून जायची. खऱ्या आवाराला उंच भरीव भिंती होत्या, आणि हवाही अपेक्षेपेक्षा गरम होती. आत बसलेल्यांपैकी कुणी दगावलं नाही, पायलटने नाक मातीत रोवून यंत्र सावरलं. ते वाचलं तेव्हा मला आधी आमचं अंगण आठवलं. एवढ्या मोठ्या तयारीत भिंतीऐवजी जाळी लावली गेली, यावर मी अजूनही कधीकधी विचार करतो. टेस्ट एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन यांतला फरक, पण माणसं बसलेली.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी गावात, चोवीस वर्षांचा एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. शाळा आठवीपर्यंत, पत्रे आणि वेल्डिंगचं काम, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकलेला, मारुती ८०० चं इंजिन. यंत्र अजून जमिनीवरच होतं. मागचा पंखा तुटला, तो मुख्य पंख्याला लागला, आणि त्याचं पातं आत बसलेल्या त्याच्या डोक्याला. पेपरात ते वाचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन प्रकारचे निरोप फिरले. एक, 'केवढी प्रतिभा वाया गेली'. दोन, 'कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला'. मला दोन्हींचा राग आला. प्रतिभा होती यात वाद नाही, आणि उद्योगही नसता नव्हता. ब्रेगे, कोर्नू, बोथेझात यांच्यापेक्षा त्याचा उद्योग कोणत्या बाबतीत नसता? फरक एवढा की यंगला आत न बसता बारा वर्षं चुकायची सोय होती. वडिलोपार्जित पैसा होता, कोठार होतं, दर वेळी मोडायला नवं मॉडेल होतं. फुलसावंगीच्या पोराकडे एकच यंत्र होतं आणि ते पहिलंच पूर्ण आकाराचं. त्याच्या जिल्ह्यात कुणी काठी धरून उभं राहणारं नव्हतं, दोराने बांधून आधी रिकामं फिरवून बघ म्हणणारंही कदाचित नव्हतं. मला निदान दूध आणायला जाणारे काका होते.

मॉडेल म्हणजे निव्वळ खेळणं, असंही कुणी समजू नये. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. ते माझ्यापेक्षा बरंच मोठं मॉडेल होतं, पण ४५० चं पातंही बाभळीची फांदी छाटतं, ते मी पाहिलंय. म्हणून आता मी कुणालाही पहिली गोष्ट सांगतो ती अंतराची. दहा-बारा पावलं मागे उभं राहा, आणि पोट्ट्यांना त्याच्याही मागे.

मधल्या काळात हे शास्त्र मंगळावर जाऊन आलं. १९ एप्रिल २०२१ ला नासाचं इंजेन्यूइटी तिथे पहिल्यांदा उडालं, ३९ सेकंद. त्याचे मुख्य अभियंते आयआयटी मद्रासमधून शिकलेले बॉब बलराम. पंख्याचा व्यास १.२ मीटर, आणि पहिल्याच उड्डाणात उंची ३ मीटर. म्हणजे पाच त्रिज्या! वीतभर उठून टाळ्या घेता आल्या असत्या, पण ते सरळ जमिनीच्या मदतीपलीकडे जाऊन तरंगलं. ती बातमी वाचून मी काकांना फोन केला होता. ते म्हणाले, "हं, हे बरोबर."

तर खोकं. भंगारात गेलेलं नाही. फुगलेली बॅटरी तेवढी ई-कचऱ्यात दिली. ब्लेडं मिळाली, शेपटीची नळी मिळाली, आणि भाचा अकरावीत आहे, त्याला हे शिकायचंय. ड्रोन उडवतो तो, पण ड्रोन म्हणजे हात सोडला तरी जागेवर उभा राहणारा आज्ञाधारक प्राणी. त्याला फ्लायबार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. घरामागचा प्लॉट आता उरलेला नाही, तिथे चार मजली इमारत आहे. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर सोनेगावच्या विमानतळाभोवतीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, त्यामुळे नकाशा बघून उमरेड रोडने बरंच पुढे, शहराबाहेर एक शेत ठरवलंय. मालकाला विचारून.

काका पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे गेलेत, पण गाडीत बसून येतो म्हणाले. भाच्याने त्यांना विचारलं, "आजोबा, पहिल्या दिवशी किती वर न्यायचं?"

"तुह्या मामाच्या डोक्याच्या वर," ते म्हणाले. "आणि मामाले दूर उभं कर."